‘नागपूरचं सागवान’ नक्की कुठल्या जंगलातलं? लाकडात दडलेला पत्ता विज्ञान कसा वाचतं

२९ मार्च २०२३. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून सागवान लाकडाची पहिली खेप अयोध्येला निघाली. राम मंदिराच्या दरवाजांसाठी हे लाकूड जाणार होतं. पूजा झाली, शोभायात्रा निघाली, रस्त्यावर गर्दी झाली.

दोनच महिन्यांनी, २८ मे २०२३ रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं. इमारतीत देशभरातून काय काय आलंय याची यादी तेव्हा सगळीकडे फिरत होती. मिर्झापूरचे गालिचे, त्रिपुराचा बांबू, राजस्थानचा दगड आणि नागपूरचं सागवान.

आता एक साधा प्रश्न. नागपूर ही लाकडाची मोठी बाजारपेठ आहे. पण विदर्भातलं सागवान वाढतं ते आलापल्ली, सिरोंचा, बल्लारशा, मेळघाट अशा जंगलांत. व्यापारात मात्र त्याला ‘नागपूर सागवान’, ‘बल्लारशा सागवान’ किंवा जुन्या मध्य प्रांताच्या नावावरून ‘सीपी टीक’ म्हणतात. म्हणजे नाव अनेकदा बाजाराचं किंवा डेपोचं असतं, जंगलाचं नसतं.

मग एखादी फळी हातात घेऊन ती कोणत्या जंगलातून आली हे सांगता येतं का? कागद न बघता, फक्त लाकूड बघून?

काही प्रमाणात येतं. त्यासाठी आयसोटोप म्हणजेच समस्थानिकांची तपासणी वापरतात. वाईन खरंच बाटलीवर लिहिलेल्या प्रदेशातली आहे का, हे युरोपात याच पद्धतीने तपासलं जातं. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ही तपासणी कुठे उपयोगी पडेल आणि कुठे थांबेल, हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे. कारण इथे ‘लाकूड कुठलं?’ या प्रश्नाच्या उत्तरावर कुणाचा ट्रक जप्त होणार आणि कुणाचं पीक विकलं जाणार, हे ठरतं.

‘लाकूड कुठलं?’ हा प्रश्न एवढा मोठा का?

गडचिरोली जिल्ह्याचा दोनतृतीयांशांहून जास्त भाग जंगलाने व्यापलेला आहे. दक्षिणेला सिरोंचा तालुका. तिथे प्राणहिता नदी गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगणा सुरू होतो. इथलं सागवान तोडून, नदीत सोडून पलीकडच्या तीरावर नेण्याचे प्रकार वर्षानुवर्षं बातम्यांत येत आले आहेत. लठ्ठा एकदा पलीकडे गेला, आरागिरणीत चिरला गेला की त्याचा दरवाजा, चौकट किंवा पलंग होतो. त्यानंतर तो सरकारी जंगलातला होता की आणखी कुठला, हे डोळ्यांनी सांगणं अशक्य होतं.

हे ओळखण्यासाठी वन विभागाची पारंपरिक साधनं दोन. पहिलं म्हणजे लठ्ठ्यावर मारलेला हातोड्याचा शिक्का. दुसरं म्हणजे वाहतूक परवाना, ज्याला सगळे ‘टीपी’ म्हणतात. शिक्का चिराणात निघून जातो. कागद खोटा असू शकतो, किंवा एकाच परवान्यावर दोन फेऱ्या होऊ शकतात.

आता दुसरी बाजू पाहू. सागवान फक्त सरकारी जंगलातच असतं असं नाही. शेताच्या बांधावर, मालकीच्या जमिनीतही ते असतं. ते तोडायला परवानगी लागते आणि न्यायला परवाना लागतो. कागदात गडबड झाली तर काय?

भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम ६९ इथे लागू होतं. या कायद्याखालच्या कारवाईत एखादं वनोपज सरकारी मालकीचं आहे का, असा प्रश्न आला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच आहे असं गृहीत धरलं जातं. म्हणजे ‘हे माझ्या शेतातलं आहे’ हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे लाकूड सापडलं त्याच्यावर येते.

म्हणून लाकडाचा पत्ता लाकडातूनच काढता आला, तर तो तस्कराविरुद्ध पुरावा ठरू शकतो. तोच निर्दोष शेतकऱ्याच्या कामीही येऊ शकतो. निदान अपेक्षा तरी तशी आहे.

आयसोटोप म्हणजे काय?

एकाच मूलद्रव्याचे अणू नेहमी सारख्याच वजनाचे नसतात. ऑक्सिजनचं उदाहरण घ्या. बहुतेक ऑक्सिजन अणूंचं वस्तुमान १६ असतं. पण साधारण ५०० अणूंमागे एक अणू १८ वस्तुमानाचा, म्हणजे थोडा जड असतो. दोघेही ऑक्सिजनच. दोघांपासूनही पाणी बनतं. फरक फक्त वजनाचा. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनांच्या भावंडांना आयसोटोप म्हणतात.

कार्बनमध्येही असंच आहे. १२ वस्तुमानाचा कार्बन भरपूर, १३ वस्तुमानाचा सुमारे १.१ टक्के. हायड्रोजनचं जड भावंड म्हणजे ड्युटेरियम, ते तर फारच थोडं.

गंमत अशी की हे जड-हलक्याचं प्रमाण पृथ्वीवर सगळीकडे तंतोतंत सारखं नसतं. ते किंचित बदलतं. हा बदल इतका बारीक असतो की तो टक्क्यांत नाही, तर दर हजारी मोजतात. पण तो मोजता येतो. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र जड आणि हलके अणू वेगळे करून त्यांचं गुणोत्तर सांगतं.

सुरुवात वाईनपासून

या पद्धतीला कायद्यात पहिलं भक्कम स्थान मिळालं ते वाईनमुळे.

अडचण अशी होती. द्राक्षात साखर कमी असली की काही उत्पादक रसात बाहेरची साखर घालायचे. साखर आंबली की अल्कोहोल वाढतं. चवीवरून हे पकडणं कठीण. फ्रान्समधल्या नांत इथले शास्त्रज्ञ जेरार मार्तँ यांनी १९८०च्या दशकात एक पद्धत विकसित केली. अल्कोहोलच्या रेणूत ड्युटेरियम नेमकं कुठे आणि किती आहे, हे त्यात मोजतात. बीटची साखर घातली असेल तर हे प्रमाण बदलतं. उसाची साखर घातली असेल तर कार्बन-१३ चं प्रमाण बदलतं, कारण ऊस आणि मका हवेतला कार्बन द्राक्षापेक्षा वेगळ्या पद्धतीने साठवतात.

युरोपीय समुदायाने १९९०च्या सुमारास ही पद्धत अधिकृत केली आणि १९९१ मध्ये वाईनची एक आयसोटोप माहितीपेढी सुरू केली. दरवर्षी वेगवेगळ्या प्रदेशांतल्या मळ्यांतून खात्रीची द्राक्षं गोळा करायची, त्यांची थोडी वाईन स्वतः बनवायची, तिची मोजणी करून नोंद ठेवायची. बाजारातल्या संशयित बाटलीची तुलना या नोंदींशी होते.

यातली महत्त्वाची गोष्ट यंत्र नाही. महत्त्वाची आहे ती ही नोंदवही. मूळ जागेचे खात्रीचे नमुने नसतील, तर यंत्राने दिलेला आकडा नुसता आकडाच राहतो.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या ‘नाशिक व्हॅली वाईन’लाही हाच न्याय लागू होतो. आणि मोहाच्या दारूलाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागलेली बंदी २०२१ मध्ये उठली. पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांत ‘मोहाचा सडवा’ आणि ‘गुळाचा सडवा’ हे दोन्ही शब्द येतात. गूळ उसाचा, मोह झाडाचा. त्यामुळे दारू मोहाची की गुळाची, हे कार्बनच्या तपासणीत कळू शकतं.

पण ‘कशापासून बनलं?’ हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ‘कुठून आलं?’ हा अवघड. सागवानाच्या बाबतीत आपल्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवंय.

सागवानाच्या आत पत्ता कसा लिहिला जातो?

पहिली खूण: पाऊस. समुद्राच्या पाण्याची वाफ होऊन ढग बनतो. तो जमिनीवर येऊन बरसायला लागतो, तेव्हा जड ऑक्सिजनचं पाणी आधी खाली पडतं. ढग जसजसा आत सरकतो, तसं उरलेलं पाणी हलकं होत जातं. त्यामुळे किनाऱ्यावरचा पाऊस आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आतला पाऊस यांत फरक पडतो. उंची, तापमान, पावसाचा जोर आणि वारे कुठून आले, यांचाही परिणाम होतो. जगभरच्या पावसातले हे आकडे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना १९६०च्या दशकापासून नोंदवत आल्या आहेत.

झाड मुळांतून हे पाणी घेतं. पानांतून त्यातलं बरंच उडून जातं आणि पानात राहिलेल्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. त्या पाण्यातून आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून झाड सेल्युलोज बनवतं. तेच लाकूड. म्हणजे त्या जागेचा पाऊस आणि हवेतला दमटपणा लाकडात कायमचा नोंदला जातो.

सागवान यासाठी खास चांगलं झाड आहे. उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांत वर्षवलयं नीट दिसत नाहीत. सागवानात ती स्पष्ट दिसतात. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा इथल्या शास्त्रज्ञांनी भारतीय सागवानाच्या वलयांमधला ऑक्सिजन मोजून जुन्या मान्सूनचा अभ्यास केला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका शोधनिबंधाचा विषय होता मान्सूनमधले जुने खंड. एका वलयाचे बारीक काप करून त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती का, याचा माग त्यांनी काढला होता. हा अभ्यास हवामानासाठी होता. पण सागवान पावसाची आठवण ठेवतं, हे त्यातून पक्कं होतं.

दुसरी खूण: खडक. इथे चंद्रपूर-गडचिरोलीची जमीन रंजक ठरते. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. कॅल्शियमसोबत तेही मुळांतून झाडात जातं. त्याच्या ८७ आणि ८६ वस्तुमानाच्या अणूंचं गुणोत्तर खडक कोणता आणि किती जुना यावर ठरतं. कारण रुबिडियम या दुसऱ्या मूलद्रव्याचं अब्जावधी वर्षांत हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ होत जातं. जितका जुना आणि रुबिडियमने भरलेला खडक, तितकं हे गुणोत्तर जास्त.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. चंद्रपूरच्या पश्चिम कडेला दख्खनचा काळा बेसाल्ट येऊन संपतो. त्याचं वय साधारण ६.६ कोटी वर्षं. बल्लारपूर, घुग्घुसच्या पट्ट्यात गोंडवन काळातले कोळशाचे थर. राजुरा, कोरपना भागात सिमेंट कारखान्यांना लागणारा चुनखडक. आणि पूर्वेला गडचिरोलीच्या मोठ्या भागात अडीचशे कोटी वर्षांहून जुना नीससारखा कठीण खडक. बेसाल्टवर वाढलेलं सागवान आणि या जुन्या खडकावर वाढलेलं सागवान शेजारशेजारच्या जिल्ह्यांतलं असलं, तरी त्यांच्या स्ट्रॉन्शियममध्ये फरक अपेक्षित असतो.

तिसरी खूण: कार्बन. पाणी कमी पडलं की झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं. त्याचा परिणाम कार्बन-१३ च्या प्रमाणावर होतो. त्यामुळे झाड कोरड्या भागात वाढलं की भरपूर पाण्याच्या, याचा अंदाज येतो. ही खूण एकटी कमकुवत आहे, पण बाकीच्यांना जोड देते.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते?

लाकडाचा छोटा तुकडा पुरतो. त्याची भुकटी करून रसायनांनी राळ आणि इतर द्रव्यं काढून टाकतात. उरलेल्या सेल्युलोजचा काही मिलिग्रॅम इतकाच भाग तापवून त्याचा वायू करतात आणि तो यंत्रात सोडतात. स्ट्रॉन्शियमसाठी वेगळी प्रक्रिया आणि वेगळं यंत्र लागतं.

मग येते तुलना. नमुन्याचे आकडे ज्ञात ठिकाणच्या झाडांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. उत्तर ‘हे लाकूड अमुक गावचं आहे’ असं कधीच येत नाही. ते येतं असं: ‘हे लाकूड अमुक प्रदेशातलं असण्याची शक्यता एवढी आहे’ किंवा ‘सांगितलेल्या ठिकाणचं हे असणं जवळजवळ अशक्य आहे’.

दुसऱ्या प्रकारचं उत्तर जास्त भक्कम असतं. आयसोटोप तपासणी पत्ता सांगण्यापेक्षा खोटा पत्ता नाकारण्यात जास्त चांगली आहे.

किती अचूक?

युक्रेन युद्धानंतर रशिया आणि बेलारूसच्या लाकडावर युरोपात निर्बंध आले. ते लाकूड दुसऱ्या देशाच्या नावाने विकलं जाण्याची भीती होती. म्हणून पूर्व युरोपातल्या झाडांचे नमुने गोळा करून आयसोटोप आणि सूक्ष्म मूलद्रव्यं एकत्र वापरणारी पद्धत तयार झाली. २०२४ मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. लाकूड कुठे तोडलं, हे त्या पद्धतीने १८० ते २३० किलोमीटरच्या फरकाने सांगता आलं.

रशियासारख्या देशासाठी हे उत्तम आहे. आता हेच माप गडचिरोलीवर ठेवून बघा.

आलापल्ली केंद्र धरून २०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर त्यात गडचिरोली शहर येतं, चंद्रपूर येतं, वरोरा आणि चिमूरही येतात. तेलंगणातले आसिफाबाद, मंचिर्याल, आदिलाबाद आणि थेट वारंगळ येतं. छत्तीसगडचं विजापूरही येतं. तीन राज्यं एका वर्तुळात.

नमुने दाट गोळा केले आणि स्ट्रॉन्शियमची जोड दिली, तर हे वर्तुळ लहान होऊ शकतं. पण सिरोंचाजवळ एक अडचण आहे आणि ती जास्त नमुने गोळा करूनही सुटत नाही. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात दोन्ही तीरांवर गोंडवन काळातलेच खडक आहेत. पाऊसही तोच. नदीच्या मधोमध राज्याची सीमा आहे, पण झाडाला ती माहीत नाही. त्यामुळे अलीकडच्या आणि पलीकडच्या सागवानाचा आयसोटोप पत्ता जवळपास सारखाच निघणार.

आणि राखीव जंगलातलं सागवान विरुद्ध त्याच गावच्या शेताच्या बांधावरचं सागवान? जमीन तीच, पाऊस तोच. सातबारा वेगळा, पण सातबारा लाकडात उतरत नाही.

थोडक्यात सांगायचं तर:

- हे लाकूड विदर्भातलं की म्यानमारचं, आफ्रिकेतलं, दक्षिण अमेरिकेतलं? आयसोटोप चांगली मदत करतात.
- हे लाकूड बेसाल्टच्या पट्ट्यातलं की पूर्वेकडच्या जुन्या खडकावरचं? खात्रीचे नमुने हाताशी असतील, तर शक्य आहे.
- हे लाकूड सिरोंचाचं की नदीपलीकडचं? फार कठीण.
- हे लाकूड सरकारी जंगलातलं की शेतकऱ्याचं? एकाच गावात असेल, तर आयसोटोप सांगू शकत नाहीत.

म्हणजे मोठ्या बाजारातलं मोठं खोटं ही तपासणी पकडते. पण ज्या प्रश्नावर गावातल्या माणसाची जप्ती अवलंबून असते, तो प्रश्न तिच्या हाताबाहेर राहतो.

‘हे तर जुन्या घराचं लाकूड’

एका स्थानिक दाव्याबाबत मात्र आयसोटोप खरंच निकाल देऊ शकतात. सागवान पकडलं गेलं की ‘जुनं घर पाडलं, त्याच्या तुळया आहेत’ असं सांगितलं जातं. कधी ते खरं असतं, कधी नसतं.

इथे कार्बनचं तिसरं भावंड, १४ वस्तुमानाचा कार्बन कामी येतो. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ पर्यंत महासत्तांनी वातावरणात अणुचाचण्या केल्या. त्यामुळे हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. मग चाचण्यांवर बंदी आली आणि तो हळूहळू उतरत गेला. झाडाने ज्या वर्षी जो कार्बन घेतला, तो त्या वर्षीच्या वलयात बंद झाला. त्यामुळे सालीजवळचं शेवटचं वलय मिळालं, तर झाड १९५०च्या आधी तोडलं की हल्ली, हे कळतं. हल्लीचं असेल, तर साधारण कोणत्या काळात तोडलं, तेही सांगता येतं. दिल्लीतल्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात अशी मोजणी करणारी सुविधा आहे.

अट एकच. चिराण करताना बाहेरचा भाग कापून टाकला असेल, तर शेवटचं वलय हाती लागत नाही आणि उत्तर अर्धवट राहतं.

मग जग यावर खर्च का करतंय?

कारण लाकडाचा व्यापार देशोदेशींचा आहे. नैसर्गिक सागवान भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओसमध्ये उगवतं. लागवडीचं सागवान जावापासून आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेपर्यंत पसरलेलं आहे. ते भारतातही भरपूर येतं. ग्राहक दुकानात जाऊन ‘बर्मा टीक’ किंवा ‘नागपूर सागवान’ मागतो, जास्त पैसे मोजतो आणि हातात काय पडतं हे त्याला कळत नाही.

म्यानमारने २०१४ मध्ये कच्च्या लठ्ठ्यांची निर्यात बंद केली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. असं लाकूड दुसऱ्या देशातून, दुसऱ्या नावाने फिरू नये, हा प्रश्न तेव्हापासून तीव्र झाला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडविरोधी नियमही मंजूर केला. त्यानुसार लाकूड ज्या जमिनीवर वाढलं, तिचे अक्षांश-रेखांश द्यावे लागणार आहेत. अंमलबजावणी एकापेक्षा जास्त वेळा पुढे ढकलली गेली आहे. पण नियम लागू झाला, तर दिलेला पत्ता खरा का, हे तपासायला आयसोटोप लागतील.

भारतात २९ डिसेंबर २०२३ रोजी देशभरासाठी राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली सुरू झाली. लाकूड, बांबू आणि इतर वनोपजांसाठी ऑनलाइन परवाना आणि त्यावर क्यूआर कोड. त्यामुळे एकाच परवान्यावर दोन फेऱ्या मारणं कठीण व्हायला हवं. पण कोड सांगतो तो कागदाचा पत्ता. ट्रकमधलं लाकूड त्याच पत्त्याचं आहे का, हे अजूनही कुणीतरी बघावं लागतं.

पत्ता सांगायचा अधिकार कुणाचा?

या जिल्ह्याला ‘कागदावरचा पत्ता’ ही गोष्ट नवी नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. कारण वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वन विभागाकडेच होता. परवाना नाही, तर व्यापारी नाही.

२७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ‘हा बांबू आमच्या जंगलातला आहे’ असं लिहून देण्याचा अधिकार गावाला मिळाला. २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि गौण वनोपजासाठी असे परवाने ग्रामसभेची समिती देऊ शकते, हे नियमातच आलं. सागवानासारखं इमारती लाकूड मात्र गौण वनोपजात येत नाही.

तेव्हा बांबूमध्ये काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते सही कुणाची चालेल हे. आयसोटोप तपासणीबद्दल बोलताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. प्रयोगशाळेचा अहवाल हाही शेवटी एक कागदच आहे. तो कुणी मागवायचा, पैसे कुणी द्यायचे, तुलनेसाठी नमुने कुणाच्या जमिनीतले घ्यायचे आणि कोर्टात त्याचा अर्थ कोण लावणार, हे विज्ञान ठरवत नाही.

या जिल्ह्यांसाठी यातून काय निघतं?

पहिलं, खात्रीचे नमुने. युरोपची वाईन तपासणी टिकली ती दरवर्षी जमवलेल्या नोंदींवर. इथे त्यासाठी महागडी मोहीम लागेलच असं नाही. वन विभागाच्या डेपोत लठ्ठे कोणत्या कूपमधून आले, याची नोंद असते. तिथेच प्रत्येक लॉटचा छोटा तुकडा काढून जपला, तर काही वर्षांत संग्रह उभा राहील. लाकडातल्या खुणा द्राक्षासारख्या दरवर्षी बदलत नाहीत. एका लठ्ठ्यात अनेक पावसाळ्यांची सरासरी असते, त्यामुळे नमुना दीर्घकाळ उपयोगी राहतो. आलापल्लीचं ‘वनवैभव’ २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालं. तिथली जुनी सागवान झाडं अशा संग्रहासाठी मोलाची आहेत. जिवंत झाडातून बारीक गाभा काढायला ते तोडावंही लागत नाही.

दुसरं, संग्रहात फक्त सरकारी जंगल नको. शेतकऱ्यांच्या बांधावरचं आणि नदीपलीकडचं सागवानही हवं. नाहीतर कुठलाही नमुना ताडला की तो ‘सरकारी जंगलाशी जुळतो’ असाच निष्कर्ष निघेल, कारण तुलनेला दुसरं काही नसेलच. कलम ६९ आधीच माणसाला बचावाच्या बाजूला उभं करतं. अपुऱ्या संग्रहावरचा अहवाल तिथे त्याच्याविरुद्धच जाईल.

तिसरं, या तपासणीचा फायदा विकणाऱ्यालाही होऊ शकतो. अयोध्येच्या आणि दिल्लीच्या बातम्यांनी इथल्या सागवानाचं नाव झालं. नाव झालं की त्या नावाने दुसरं लाकूड विकणारे येतातच. ‘हे खरंच आलापल्ली भागाचं आहे, बाहेरच्या लागवडीचं नाही’ एवढं सिद्ध करणं आयसोटोपच्या आवाक्यात आहे. वाईनच्या बाबतीत युरोपातल्या मळ्यांनी हेच केलं. आपल्या नावावर दुसऱ्याने पैसे कमवू नयेत म्हणून.

राहता राहिला तो बांधावरच्या सागवानाचा प्रश्न. त्याचं उत्तर प्रयोगशाळेत नाही. ते तलाठ्याच्या नोंदीत, वेळेवर मिळालेल्या तोडीच्या परवानगीत, ग्रामसभेसमोर झालेल्या पंचनाम्यात आणि वाहतूक परवान्यात आहे. लाकूड कोणत्या पावसावर आणि कोणत्या खडकावर वाढलं, हे यंत्र सांगेल. ते कुणाचं आहे, हे गावाच्या आणि सरकारच्या दप्तरालाच सांगावं लागेल. म्हणून आधी ते दप्तर खरं असायला हवं.